जोडे शिवणाऱ्याचा संघ

इतिहासाच्या तासाला आपण राजांच्या वंशावळी पाठ करतो आणि सभागृहाच्या पायऱ्या चढताना देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाचतो. ज्याने दगड घडवला त्याचे नाव दगडावर नसते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात खटकण्याजोगे काही आहे असे सहसा कुणाला वाटत नाही. गेली दोन वर्षे एका परक्या, दूरदेशीच्या फुटबॉल संघाचा इतिहास मी सवडीने वाचतो आहे. परीक्षेला त्याचा काडीइतका उपयोग नाही, हे माझे मित्र मला वारंवार बजावतात. पण तो वाचता वाचता हा जुनाच प्रश्न माझ्यापुढे नव्याने येऊन ठाकला, आणि काही केल्या हलेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या संघाचे नाव देपोर्तिवो साप्रिसा. देश कोस्टारिका. नकाशात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी पट्टी दिसते, तिच्यात निकाराग्वा आणि पनामा यांच्यामध्ये हा देश चिमटीत धरल्यासारखा बसला आहे. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याहून फार मोठी नव्हे! कॉफी आणि केळी यांवर जगलेला हा देश. पण फुटबॉलच्या मैदानावर त्याने भल्याभल्यांना घाम फोडला आहे.

२०१४ च्या विश्वचषकात ते साऱ्या जगाने पाहिले. उरुग्वे, इटली आणि इंग्लंड या तीन माजी विश्वविजेत्यांच्या गटात कोस्टारिका सापडली, तेव्हा ‘बिचारे!’ एवढेच उद्गार निघाले होते. पण बिचाऱ्यांनी उरुग्वेला ३-१ ने आणि इटलीला १-० ने हरवले, इंग्लंडशी बरोबरी केली आणि गटात पहिला क्रमांक पटकावला. पुढे ग्रीसलाही पेनल्टींवर नमवून ते उपांत्यपूर्व फेरीत गेले, आणि तिथे नेदरलँड्सशी हरले तेही पेनल्टींवरच. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे सणच. त्यामुळे इटलीचा सामना रात्री साडेनऊला सुरू झाला तेव्हा गल्लीत कुणी झोपायचा प्रश्नच नव्हता. कोस्टारिकाचा गोलरक्षक केलॉर नवास मनात भरला तो तेव्हा. पुढे तो रेआल माद्रिदमध्ये गेला आणि २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षे युरोपचा विजेता ठरला. हा नवास मुळात कोणत्या संघात घडला म्हणून मी मोठेपणी शोधू लागलो, आणि साप्रिसाच्या दारात येऊन पोहोचलो. आत डोकावलो तर पहिल्याच पानावर लिहिलेले होते, की हा संघ १६ जुलै १९३५ रोजी सान होसे शहरातल्या एका जोडे शिवण्याच्या दुकानात जन्माला आला!

तिथे मी थबकलो. त्याला कारण आहे. माझे वडील कोल्हापुरी चप्पल बनवतात. आजोबाही तेच करीत. रापी, आरी, कातड्याचे तुकडे आणि वेणीच्या बारीक वाद्या यांच्या पसाऱ्यात मी लहानाचा मोठा झालो. अभ्यासाचे पुस्तक उघडले तरी त्याला कातड्याचा वास यायचा. या धंद्याला आणि तो करणाऱ्यांना गावात कोणती जागा होती, हे इथे सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊकच आहे. सांगायचे इतकेच, की पृथ्वीच्या पाठीवर एक नामांकित संघ जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात सुरू झाला, हे वाचताना मला ते दुकान डोळ्यांपुढे दिसू लागले. वास तर आधीच ओळखीचा होता.

कोस्टारिकातले जोडे शिवणारे लोकही मोठे विलक्षण. हात कामात आणि तोंड चर्चेत! तिथला साम्यवादी पक्ष १९३१ साली स्थापन झाला, आणि त्याला खंदे कार्यकर्ते पुरवले ते याच धंद्याने. १९३४ साली कॅरिबियन किनाऱ्यावर युनायटेड फ्रूट या बलाढ्य अमेरिकन कंपनीच्या केळीच्या बागांतील हजारो मजुरांनी संप पुकारला. त्या संपाचा एक प्रमुख पुढारी होता कार्लोस लुईस फायास. तो आधी केळीच्या बागांत राबलेला आणि पुढे जोडे शिवण्याचा धंदा शिकलेला. याच फायासने नंतर मजुरांच्या त्या जिण्यावर ‘मामिता युनाय’ नावाची कादंबरी लिहिली. ती १९४१ साली निघाली, आणि तिच्या भाषेच्या साहित्यात तिला मानाचे पान मिळाले. आपल्याकडे घामाची आणि कातड्याची भाषा साहित्यात शिरायला किती काळ लागला, हे आठवले म्हणजे फायासविषयी आदर दुणावतो.

संपाला वर्ष उलटते न उलटते तोच सान होसेच्या लोस आंखेलेस वस्तीत रॉबेर्तो फर्नांदेस नावाच्या जोडे शिवणाऱ्याने भोवतालची पोरे गोळा केली. लोक त्याला ‘बेतो’ म्हणत. संघ काही कुठल्या चळवळीचे अपत्य नव्हता. गल्लीतली पोरे, त्यांचा खेळ आणि त्यांच्यावर माया करणारा एक कारागीर, एवढेच त्याचे भांडवल. पण खेळायचे तर अंगावर एकसारखे कपडे हवेत, आणि कपड्यांना पैसे लागतात. बेतोकडे पैसे कुठले? मग त्याने शहरातल्या एका बड्या माणसाचे दार ठोठावले.

तो माणूस म्हणजे रिकार्दो साप्रिसा आयमा. त्याची कहाणी एखाद्या कादंबरीत शोभावी. जन्म १९०१ साली एल साल्वादोरमध्ये, आईवडील कातालान, वाढला बार्सिलोनात. तिथल्या एस्पान्योल संघाचा तो खंदा बचावपटू. स्पेनचा विख्यात गोलरक्षक रिकार्दो सामोरा याच्यापुढे उभे राहून त्याने बचावाची फळी सांभाळली, आणि १९२९ साली संघाने स्पेनचा राजचषक जिंकला त्यातही तो होता. एवढ्यावर गडी थांबला नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो स्पेनकडून चक्क टेनिस खेळला! तिसाव्या दशकाच्या आरंभी तो कोस्टारिकात येऊन स्थायिक झाला आणि त्याने कापडाचा कारखाना काढला. बेतोच्या पोरांना त्याने कपडे दिले. पोरांनी आपल्या संघाला त्याचे नाव दिले. व्यवहार पुरा झाला.

या कपड्यांचीही एक गोष्ट तिथे सांगतात. म्हणे, सुरुवातीच्या सदऱ्यांत तांबडा आणि निळा असे दोन रंग होते. ते धुताना एकमेकांत उतरले आणि सगळे सदरे जांभळे होऊन निघाले. तोच रंग मग संघाचा झाला. आज कोस्टारिकात ‘जांभळे’ एवढेच म्हटले तरी पोरासोरांना कळते की साप्रिसाविषयी बोलणे चालले आहे. ‘जांभळा राक्षस’ हे तर त्यांचे लाडके नाव. गोष्ट खरी असो वा रचलेली, मला ती फार आवडते. फक्त एक वाटते. धुतल्यावर रंग उतरले, म्हणजे कुणीतरी ते सदरे धुतले असतील ना? दगडावर आपटून, पिळून, दोरीवर वाळत घातले असतील ना? ज्या हातांतून तो जगप्रसिद्ध रंग निघाला, त्या हातांचे नाव मात्र गोष्टीत कुणीच घेत नाही.

संघ खालच्या श्रेणीपासून पायरी पायरीने चढत गेला. तो वर येत असताना देशात मात्र आग लागली होती. १९४८ साली अध्यक्षपदाची निवडणूक रद्द ठरवण्यात आली आणि यादवी युद्ध पेटले. ते सुमारे सहा आठवडे चालले आणि दोन हजारांच्या आसपास माणसे त्यात मेली. युद्ध जिंकलेल्या होसे फिगेरेसने १ डिसेंबर १९४८ रोजी एक अजब गोष्ट केली. राजधानीतल्या बेयाविस्ता लष्करी तळाच्या भिंतीवर त्याने हातोडा मारला आणि देशाचे सैन्यच बरखास्त केले! त्या तळाचे पुढे राष्ट्रीय संग्रहालय झाले. १९४९ च्या राज्यघटनेने ‘कायमचे सैन्य राहणार नाही’ यावर शिक्कामोर्तब केले. देशात सैन्य नाही हे आजही खरे आहे.

आणि त्याच १९४९ साली बेतोच्या पोरांचा संघ पहिल्या श्रेणीत दाखल झाला.

त्याच सुमारास आणखी एक जुना अन्याय ढिला झाला. कॅरिबियन किनाऱ्यावर लिमोन भागात जमैकाहून आणलेल्या काळ्या मजुरांची वस्ती आहे. त्यांच्या वाडवडिलांनी लिमोनचा रेल्वेमार्ग घातला आणि केळीच्या बागा उभ्या केल्या. पण १९३४ च्या संपानंतर कंपनीने आपला पसारा पॅसिफिक किनाऱ्याकडे हलवला, तेव्हा तिथल्या बागांत काळ्या माणसांना काम द्यायचे नाही असे कायद्यानेच ठरले. त्याच देशात जन्मलेल्या कित्येकांना नागरिकत्वही नव्हते. १९४९ नंतर ही दारे उघडू लागली. पुढे याच काळ्या समाजातला हेर्नान मेडफोर्ड साप्रिसाचा लाडका खेळाडू झाला. १९९० च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध त्याने मारलेल्या गोलाने कोस्टारिका पहिल्याच खेपेला बाद फेरीत गेली. खेळाने अन्याय संपतो असे मी म्हणणार नाही. पण ज्याला कालपर्यंत बागेच्या फाटकातून आत घेत नव्हते, त्याच्या माणसाला आज सारा देश खांद्यावर घेतो, हे पाहायला डोळ्यांना बरे वाटते खरे.

मध्य अमेरिकेतल्या फुटबॉलविषयी आपल्याकडे एकच गोष्ट चवीने सांगितली जाते, ती ‘फुटबॉल युद्धा’ची. जून १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यात विश्वचषक पात्रतेचे तीन सामने झाले आणि १४ जुलैला दोन्ही देशांत लढाई जुंपली. ती शंभर तासांत थांबली. ऐकणारा हसतो आणि म्हणतो, ‘चेंडूपायी लढाई, काय वेडे लोक!’ पण त्या लढाईच्या मुळाशी चेंडू नव्हता, जमीन होती. एल साल्वादोरमध्ये मूठभर घराण्यांच्या हाती शेते, म्हणून लाखो भूमिहीन होंडुरासमध्ये जाऊन कसत होते. तिथल्या नव्या जमीन कायद्याने त्यांना हुसकावायला सुरुवात केली, आणि ठिणगी पडली ती मैदानावर. बाकी भुकेचे खापर चेंडूवर फोडणे सोयीचे असते. चेंडू काही खुलासा देत नाही!

साप्रिसाचे दिवस या काळात चढत्या भाजणीचे होते. १९५२ साली पहिले विजेतेपद. १९५९ साली तर संघ जगप्रदक्षिणेलाच निघाला. लॅटिन अमेरिकेतला असा हा पहिला संघ, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. एका चिमुकल्या देशातली ही मंडळी समुद्र ओलांडीत देशोदेशी गेली आणि २२ सामन्यांपैकी १४ जिंकून परतली. पुढे २७ ऑगस्ट १९७२ रोजी राजधानीलगतच्या तिबास इथे संघाचे स्वतःचे मैदान उघडले. पहिला सामना ग्वाटेमालाच्या कोमुनिकासिओनेस संघाशी. त्या मैदानाला चाहते ‘गुहा’ म्हणतात. राक्षस म्हटल्यावर त्याला गुहा हवीच! अधिकृत नाव मात्र रिकार्दो साप्रिसा आयमा यांचे. गुहेत शिरला आणि राक्षस खरोखरच माजला. १९७२ ते १९७७ अशी ओळीने सहा विजेतेपदे त्याने घेतली.

संघ मोठा झाला की त्याची किंमत होते, आणि किंमत झाली की गिऱ्हाईक येते. २००३ साली होर्खे बेर्गारा या मेक्सिकन उद्योगपतीने साप्रिसा विकत घेतला. पौष्टिक पदार्थांच्या व्यापारावर त्याने गडगंज संपत्ती मिळवली होती, आणि मेक्सिकोतला ग्वादालाहारा संघही त्याच्याच मालकीचा होता. जोडे शिवणाऱ्याच्या दुकानातला संघ परदेशी धनिकाच्या खात्यावर जमा झाला.

आता इथे खलनायक रंगवावा असा मोह होतो. पण इतिहास इतका सरळ नसतो. संघाने विक्रीनंतर दोनच वर्षांनी, मेडफोर्डच्या मार्गदर्शनाखाली, मेक्सिकोच्या पूमास संघाला हरवून २००५ चा विभागीय चषक जिंकला आणि तो क्लब विश्वस्पर्धेसाठी जपानला गेला. तिथे सिडनीला १-० ने हरवले. लिव्हरपूलपुढे ०-३ अशी हार पत्करली. मग तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहादविरुद्ध शेवटची पाच मिनिटे उरली असताना संघ १-२ असा मागे होता. साबोरिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ८९ व्या मिनिटाला रोनाल्ड गोमेसने फ्री किकवर तिसरा गोल मारला. जगात तिसरा क्रमांक! पुढे २०११ साली कोस्टारिकातल्याच गुंतवणूकदारांनी संघ मेक्सिकन मालकाकडून परत विकत घेतला. त्याच वर्षी सान होसेत नवे राष्ट्रीय क्रीडांगण खुले झाले, तेही चीनने भेट म्हणून बांधून दिलेले. देणारे बदलतात. घेणारा मात्र पाटी लावायला विसरत नाही.

तर मग संघ कोणाचा? कपडे देणाऱ्याचा, विकत घेणाऱ्याचा, की पोरे गोळा करणाऱ्याचा?

रिकार्दो साप्रिसाला मी कमी लेखत नाही. तो स्वतः मैदानात घाम गाळलेला माणूस होता. १९९० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत त्या देशाने त्याला आपला मानले, आणि ते योग्यच झाले. बेतो फर्नांदेसलाही संघाने विसरलेले नाही. संस्थापक म्हणून त्याचे नाव इतिहासात नोंदलेले आहे. पण रविवारी हजारो कंठ जे नाव ओरडतात ते बेतोचे नव्हे. एकाचे नाव गर्जनेत गेले आणि एकाचे तळटीपेत.

मला हे इतके का लागावे, तेही सांगतो. आमच्या भागातला एक फुटबॉल संघ आहे. त्याचे नाव घेत नाही. माझ्या आजोबांनी तीस वर्षांवर त्या संघाचे चेंडू शिवले. चामड्याचा चेंडू, आत ब्लॅडर, तोंडाला आवळलेली वादी. पावसात भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा. शिवण उसवली की रात्री अकराला पोरे दारात हजर. सामना उद्या सकाळी! आजोबा चिमणी पेटवून बसायचे. बुटांखालचे चामड्याचे स्टडही तेच ठोकीत. पैशाचे नाव कधी काढले नाही, आणि पैशाचे नाव कुणी काढलेही नाही. दोन वर्षांपूर्वी त्या संघाची स्मरणिका निघाली. जाड, गुळगुळीत कागदाची. सदऱ्यांचे देणगीदार, चषकांचे देणगीदार, मांडवाचे देणगीदार, सगळ्यांचे हार घातलेले फोटो. आजोबांचे नाव शोधत मी ती दोनदा शेवटपर्यंत चाळली. एका ओळीतही ते नव्हते.

मी रागाने ती अण्णांपुढे टाकली. अण्णा चपलेचे कान शिवत होते. त्यांनी पाने उलटली, एका जुन्या फोटोवर बोट ठेवले आणि म्हणाले, “ह्यो चेंडू बगितलास? ह्यो तुज्या आजाचा हाय. शिवन बग की, वळकतीया.” आणि पुन्हा आरी उचलली. मी म्हणालो, “पण अण्णा, नाव?” तेव्हा ते जरा वेळाने म्हणाले, “नाव लिवायला शिकाय पायजे हुतं आमी. आमी न्हाई शिकलो. तू शिकलायस न्हवं?”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला झोंबले. दुसरे कुणी आपला इतिहास लिहील म्हणून किती पिढ्या वाट पाहायची? फायासने वाट पाहिली नाही. रापी धरलेल्या हातात त्याने लेखणी धरली. बेतोचे दुकान आज आठवते, कारण कुणीतरी तो दिवस, ती वस्ती आणि ते दुकान टिपून ठेवले. म्हणूनच नव्वद वर्षांनी हजारो कोसांवरच्या एका मुलाला ते सापडले.

गेल्या दिवाळीपासून मी एक वही केली आहे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या खेळाडूंकडे जातो, चहा पितो, ऐकतो आणि लिहितो. पहिले नाव आजोबांचे घातले. मग एकेक निघत गेली. मैदानावर पहाटे पाणी मारणारे एक मामा, बाहेरगावचा सामना असला की तीस जणांच्या भाकरी भाजणाऱ्या एक मावशी, संघाचे सदरे फुकट धुणारे एक परीटकाका. परीटकाका ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना मी जांभळ्या सदऱ्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले, “नवा तांबडा कपडा दुसऱ्या रंगाबरोबर भिजवायचा नस्तो बाळा. त्ये कुनी नवख्यानं धुतलं आसंल.”

हेही मी वहीत लिहून ठेवले आहे. संघाच्या कार्यवाहांना ती वही दाखवली. पुढच्या अंकात चार पाने देतो असे ते म्हणाले आहेत. आत्तापर्यंत सतरा नावे झाली आहेत. चार पानांत ती मावतील की नाही, एवढीच आता काळजी आहे.